एका खोलीत दोघं, आणि एकाला गाणं ऐकायचंय

शेजारच्या खोलीत कोणी गाणी लावली की भिंतीतून शब्द येत नाहीत, चालही धड कळत नाही. येते ती नुसती धडधड. याचं कारण भिंतीच्या वजनात आहे. आवाज पलीकडे जायचा तर भिंत थरथरायला हवी, आणि जड वस्तूला पटापट थरथरवणं अवघड असतं. ढोबळ हिशेब असा: भिंतीचं वजन दुप्पट केलं तर सुमारे ६ डेसिबल आवाज जास्त अडतो, आणि आवाजाची कंपनसंख्या दुप्पट असेल तरीही तेवढाच जास्त अडतो. म्हणजे १००० हर्ट्झचा बारीक स्वर जेवढा अडेल, त्यापेक्षा साठेक हर्ट्झचा ढोल कागदावर तरी २४ डेसिबलनं कमी अडतो. स्पीकरचा आवाज कमी केला तर गाण्यातले बारकावे आपल्या हातून जातात आणि शेजाऱ्याला बास मिळतच राहतो. भिंतीवर स्पंज चिकटवूनही हे थांबत नाही. स्पंजानं खोलीतला घुमारा कमी होतो, पण पलीकडे जाणारा बास त्याला जुमानत नाही.

म्हणून दोन-चार जणांनी मिळून राहायच्या घरात, हॉस्टेलवर किंवा पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये मनापासून संगीत ऐकायचं असेल तर हेडफोनला पर्याय नाही. आणि यात काही तडजोड आहे असं मला वाटत नाही. चांगल्या हेडफोनवर जे बारकावे ऐकू येतात, ते ऐकवणारे स्पीकर नीट बसवायला खोलीही तशीच लागते.

अडचण पुढे येते. हेडफोन घ्यायचं ठरलं की चर्चा लगेच अ‍ॅम्प कुठला, डॅक कुठला, किती ओहमचा, याकडे वळते. अ‍ॅम्प हेडफोनला ताकद देतो, डॅक आकड्यांतल्या गाण्याचं विजेत रूपांतर करतो, आणि ओहम हे हेडफोनच्या विरोधाचं माप. एकट्याच्या शांत खोलीत तो क्रम चालेल. सोबत कोणी राहत असेल तर तो उलटा करावा लागतो. आपला आवाज कोणाला ऐकू जाता कामा नये आणि कोणाचा आवाज आपल्याला नको आहे, हे आधी ठरवायचं. अ‍ॅम्पची पाळी शेवटी.

आवाज आत येतो, बाहेरही जातो

हेडफोनचा पडदा पुढेमागे हलतो, तेव्हा एक लाट कानाकडे जाते आणि तिच्या नेमकी उलट अशी एक मागच्या बाजूला. ती मागची लाट कुठे जाऊ द्यायची, यावरून दोन घराणी पडली. ओपन-बॅकमध्ये मागे जाळी असते, लाट मोकळी निघून जाते. क्लोज्ड-बॅकमध्ये ती बंद वाटीत अडवली जाते. ओपन-बॅक बाजारात पहिल्यांदा आणला तो सेनहायझर या जर्मन कंपनीनं १९६८ साली, एचडी ४१४ या नावानं. पिवळ्या स्पंजाच्या गाद्यांचा, अगदी हलका. मागची लाट वाटीत आपटून परत येत नसल्यामुळे आवाज मोकळा, हवेशीर लागतो. त्याच कंपनीचा १९९७ चा एचडी ६०० अजूनही आवडीनं घेतला जातो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

पण जाळी म्हणजे उघडी खिडकी. शांत खोलीत ओपन-बॅकवरचं गाणं शेजारच्या पलंगावर स्पष्ट ऐकू जातं. तेही विचित्र पद्धतीनं. थोड्या अंतरावर पुढची आणि मागची लाट एकमेकींना खोडतात, आणि हे खोडणं खालच्या सुरांत सगळ्यात जास्त होतं. त्यामुळे बास गायब होतो आणि उरतो तो गायकाचा बारीक झालेला आवाज आणि झांजांची खिसखिस. झोपू पाहणाऱ्याला हा अर्धवट कळणारा आवाज सलग गुणगुणीपेक्षा जास्त छळतो, कारण मन ते शब्द लावायला धावतं. मी स्वतः ओपन-बॅक वापरताना बरेच दिवस समजत होतो की रात्री मंद आवाजात ऐकलं तर कोणाला कळणार नाही. माझ्या रूममेटनं मला कोणतं गाणं चालू आहे ते सांगितलं, तेव्हा तो समज संपला. बिचाऱ्यानं आधी कितीतरी रात्री काहीच न बोलता काढल्या होत्या, याचं मला आजही वाईट वाटतं.

घेण्याआधी हे तपासता येतं. नेहमीच्या आवाजात गाणं लावून हेडफोन दुसऱ्याच्या डोक्यावर द्या आणि तुम्ही त्याच्यापासून पलंगाइतक्या अंतरावर बसा. ही तपासणी रात्री करा. दिवसा रस्त्याचा आवाज गळती झाकून टाकतो. आणि ‘सेमी-ओपन’ असं लिहिलेला प्रकार या कामापुरता ओपनच समजा.

क्लोज्ड-बॅकचं सगळं यश गादीच्या बसण्यावर आहे. गादी कानाभोवती सगळीकडून टेकली पाहिजे. चष्म्याच्या काड्या, दाट केस किंवा मोठ्या डूलांमुळे बारीकशी फट राहिली तरी आधी बास गळून जातो, आणि माणूस म्हणतो की हेडफोन पातळ वाजतोय. चष्मा असेल तर चष्मा लावूनच ऐकून बघा. काडीच्या जागी दबून जागा देणारी मऊ, जाड गादी हवी. गादी कालांतराने कडक होते, चिरते. बदलता येणारी गादी आणि सुटी होणारी केबल या दोन गोष्टी नसलेला हेडफोन मी कितीही गोड वाजला तरी घेणार नाही.

बंद वाटी बाहेरचा आवाज अडवते, पण तिलाही भिंतीचाच नियम लागू आहे. वरचे सूर चांगले अडतात, खालचे फारसे नाहीत. पंख्याची घरघर, फ्रिजची गुणगुण, रस्त्यावरचे ट्रक आत येतातच. इथे नॉइज कॅन्सलिंगचं तंत्र बरोबर उलटं वागतं. हेडफोनवरचे मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याच्या नेमक्या उलट लाट कानात सोडतात. संथ, खालच्या, सलग आवाजांवर हे झकास चालतं. साधारण १००० हर्ट्झच्या वर लाटा इतक्या आखूड होतात की उलटी लाट जुळवणं जमत नाही, आणि मग पुन्हा गादीवरच भिस्त ठेवावी लागते. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली. इंजिनाची घरघर हे तिचं आदर्श गिऱ्हाईक होतं. घरातलं बोलणं तसं नाही. ते मधल्या आणि वरच्या सुरांत असतं, चढतं-उतरतं, मध्येच थांबतं. म्हणून तुमचा त्रास कूलर किंवा एसीचा असेल तर नॉइज कॅन्सलिंग घ्या. दुसऱ्या कोपऱ्यात चाललेल्या फोनवरच्या गप्पांचा असेल तर त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका.

गप्पांवरचा खरा उतारा म्हणजे कानाच्या नळीत बसणारे इअरफोन. एटिमॉटिक कंपनीनं १९९१ मध्ये ईआर-४ हा असा इअरफोन आणला, तेव्हापासून हा प्रकार गंभीरपणे संगीत ऐकणाऱ्यांत रुजला. खोल आणि घट्ट बसले तर असे इअरफोन ३० डेसिबलच्या आसपास आवाज अडवू शकतात, आणि बाहेर गळती जवळजवळ नसतेच. एकाच खोलीत एक झोपलेला आणि एक जागा, अशी परिस्थिती रोजची असेल तर माझं मत सरळ आहे: मोठ्या हेडफोनच्या मागे लागण्याआधी नीट बसणारे इअरफोन घ्या. सोबत आलेल्या, टोकाला बसवायच्या तिन्ही-चारही मापांच्या टोप्या लावून पाहा. दोन्ही कानांचं माप वेगळं निघालं तर नवल नाही. फोमची टोपी असेल तर ती बोटांनी चेपायची, कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, टोपी आत सरकवायची आणि ती फुगेपर्यंत धरून ठेवायची. बास अचानक भरून आला की बसली. बऱ्याच लोकांनी ‘इअरफोनमध्ये दम नाही’ म्हणून ते सोडून दिलेले असतात, आणि दोष फक्त टोपीचा असतो. नळी बंद झाल्यावर आपलं चावणं, गिळणं, पावलं मोठी ऐकू येतात. ते काहींना अजिबात सहन होत नाही. त्यांनी क्लोज्ड-बॅकच घ्यावा.

अडवलेला आवाज म्हणजे वाचवलेला कान

बाहेरचा आवाज अडवण्याचा मी एवढा आग्रह धरतो, त्याचं मोठं कारण शेजारधर्माच्याही पुढचं आहे. खोलीत कोणी बोलत असेल किंवा टीव्ही चालू असेल तर तो आवाज सुमारे ६० डेसिबल असतो. ओपन-बॅकमधून तो जवळपास तसाच आत येतो, आणि आपण नकळत गाणं त्याच्या वर नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणं मोठ्यांसाठी सुरक्षित धरलं जातं. ९० डेसिबलवर ही मुदत फक्त ४ तासांची होते. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो, असा तो हिशेब. याच गणितानं १० डेसिबल जास्त अडवणारा हेडफोन तुमचा आवाज १० डेसिबलनं खाली आणू शकला, तर सुरक्षित वेळ दहापट होतो. कुठल्याही अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात इतकं मोलाचं काही लिहिलेलं नसतं.

हळू आवाजात ऐकायला लागलं की एक तक्रार हमखास येते: गाणं पोकळ वाटतं, बास जातो. हा दोष हेडफोनचा नाही. माणसाचा कान मंद आवाजात खालच्या सुरांना बहिरट होतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. त्यामुळे रात्रीसाठी इक्वलायझरमध्ये (वेगवेगळ्या सुरांचा आवाज कमी-जास्त करायच्या सोयीत) १०० हर्ट्झच्या खाली ४-५ डेसिबल वाढवून घेण्यात काही गैर नाही. फक्त जेवढं वाढवाल तेवढंच प्रीअ‍ॅम्पच्या पट्टीवर (इक्वलायझरमधली एकूण आवाजाची पट्टी) कमी करा, नाहीतर मोठ्या जागी आवाज फाटतो. फोनमध्ये किंवा संगणकावर ही सोय फुकट असते, आणि नवा अ‍ॅम्प आणून जो फरक पडेल त्यापेक्षा तिचा फरक बहुतेक वेळा मोठा असतो.

मग अ‍ॅम्प कधी लागतो?

वायरलेस हेडफोन असेल तर हा भाग तुमच्यासाठी नाही. अ‍ॅम्प आणि डॅक दोन्ही त्याच्या पोटातच असतात. वायरलेस ऐकताना बाहेरून दुसरा जोडता येत नाही. वायरवाल्यांसाठी मात्र दोन आकडे समजून घेणं आवश्यक आहे.

पहिला इम्पीडन्स, म्हणजे वीज वाहू देण्याला हेडफोन करत असलेला विरोध. तो ओहममध्ये मोजतात. जास्त ओहम असतील तर दाब, म्हणजे व्होल्टेज जास्त लागतं. कमी ओहम असतील तर प्रवाह जास्त ओढला जातो. दुसरा आकडा संवेदनशीलतेचा: इतकी वीज दिली तर किती मोठा आवाज निघेल. नुसत्या ओहमवरून ‘हा चालवायला जड’ असं ठरवणं ही फार पसरलेली चूक आहे. दोन्ही आकडे एकत्रच बोलतात.

एचडी ६०० चंच उदाहरण घेऊ. ३०० ओहम, आणि १ मिलिवॅटला ९७ डेसिबल. आपण आरामात ऐकतो तेव्हा सरासरी आवाज ७०-७५ डेसिबल असतो, पण संगीतातले उसळते क्षण त्याच्या १५-२० डेसिबल वर जातात. म्हणजे ९५ पर्यंत. पुढे थोडी मोकळी जागा हवी म्हणून अगदी ११० धरू. ९७ वरून ११० म्हणजे १३ डेसिबल वर, म्हणजे २० पट शक्ती, म्हणजे २० मिलिवॅट. ३०० ओहममध्ये २० मिलिवॅट ढकलायला सुमारे २.४५ व्होल्ट लागतात. फोनला जोडायच्या छोट्या डोंगलमधून साधारण १ व्होल्ट निघतो असं धरलं, तर हाच हेडफोन त्यावर १०२ डेसिबलपर्यंत जातो. आरामशीर ऐकण्याला हे पुरतं. मात्र काही शास्त्रीय ध्वनिमुद्रणं मुळातच खूप हळू असतात. तिथे पट्टी शेवटपर्यंत नेऊनही कमी पडतं, आणि मग अ‍ॅम्प हवा. आता ३२ ओहमचा, १०० डेसिबल प्रति मिलिवॅटचा हेडफोन त्याच डोंगलवर लावा: तो ११५ डेसिबलला पोचतो. त्याला वेगळा अ‍ॅम्प आणणं म्हणजे भरलेल्या घागरीत पाणी ओतणं.

दुसऱ्या टोकाला काही प्लेनर (सपाट, पातळ पडद्याचे) हेडफोन आहेत. हायफायमनच्या एचई-६ ची संवेदनशीलता ८३.५ डेसिबल आणि इम्पीडन्स ५० ओहम. त्याला त्याच ११० डेसिबलसाठी सुमारे ४५० मिलिवॅट लागतात, म्हणजे एचडी ६०० च्या बावीसपट. असल्या हेडफोनला टेबलावरचा भक्कम अ‍ॅम्पच हवा. पण तो ओपन-बॅक आहे. सामायिक खोलीत त्याचा विचार आधीच बाद झालेला असतो. मला हे फार मोलाचं वाटतं, की आवाज अडवण्याची अट आधी लावली की अ‍ॅम्पचा निम्मा प्रश्न आपोआप सुटतो. बहुतेक इअरफोन आणि बंद हेडफोन सहज चालणारे असतात. अपवाद आहेत. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० हा बंद हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा रूपांत मिळत आला आहे. फोनवर ऐकणाऱ्यानं चुकून २५० ओहमचा उचलला की आवाज कमी येतो, आणि बोल हेडफोनला लागतो.

माहितीपत्रक वाचताना एक खाचखळगा जपा. संवेदनशीलता कधी ‘प्रति मिलिवॅट’ दिलेली असते, कधी ‘प्रति व्होल्ट’. एचडी ६०० आणि वरचा ३२ ओहमचा हेडफोन यांच्यात प्रति मिलिवॅट फरक फक्त ३ डेसिबलचा दिसतो. तेच प्रति व्होल्ट मोजले तर एक १०२, दुसरा ११५. तेरा डेसिबलचा फरक! व्हॉल्यूमच्या एकाच खुणेवर कानाला जाणवतो तो हाच फरक. वेगवेगळ्या मापांतले आकडे शेजारी ठेवून तुलना केली की हमखास फसगत होते.

ताकदीइतकाच महत्त्वाचा, पण कमी बोलला जाणारा गुण म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा, आऊटपुटचा इम्पीडन्स. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. कारण हेडफोनचा विरोध सगळ्या सुरांना सारखा नसतो. समजा एखाद्या इअरफोनचा विरोध काही सुरांना १० ओहम आणि काहींना ५० ओहम आहे. अ‍ॅम्पचा आऊटपुट इम्पीडन्सही १० ओहम असेल तर त्या दोन ठिकाणच्या सुरांत ४ डेसिबलहून जास्त तफावत पडते, म्हणजे गाण्याचा चेहराच बदलतो. तोच १ ओहमचा असेल तर तफावत अर्ध्या-पाऊण डेसिबलवर येते. म्हणून इअरफोनवाल्यानं मोठ्या ताकदीपेक्षा कमी आऊटपुट इम्पीडन्स आणि शांतता शोधावी. शांतता म्हणजे गाणं थांबलं असताना कानात सर्रर्र येता कामा नये. संवेदनशील इअरफोन दणकट अ‍ॅम्पला लावला की ही सरसर हटकून ऐकू येते, आणि व्हॉल्यूमचं बटण जरा फिरवलं की आवाज एकदम उसळतो. गेनचं (आवाज किती पट वाढवायचा ते ठरवणारं) बटण असेल तर ते कमीवर ठेवा.

डॅकबद्दल थोडक्यात. आकड्यांतल्या गाण्याचं विजेत रूपांतर करणारी ही चिप आज साध्या डोंगलमध्येही कानाच्या क्षमतेपुरती चांगली असते. संगणकाच्या जॅकमधून माऊस हलवताना खरखर येत असेल तर बाहेरचा डॅक घ्या, तो खरा उपाय आहे. ‘बॅलन्स्ड’ जोडणीनं, म्हणजे प्रत्येक कानाला दोन उलट संकेत देणाऱ्या जोडणीनं, व्होल्टेज दुप्पटपर्यंत मिळतं. ज्याला मुळातच कमी पडत नाही, त्याला त्याचा उपयोग नाही. आणि दोन अ‍ॅम्पची तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी समान करा. जो किंचित मोठा वाजतो तोच आपल्याला जास्त चांगला वाटतो, आणि या एका गोष्टीमुळे कितीतरी अनावश्यक खरेदी झालेली आहे.

सोबत राहायचंय

कानात गाणं चालू असलं की आपण मोठ्यानं बोलतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये नोंदवलेला हा परिणाम आहे: भोवती आवाज वाढला की माणसाचा स्वर आपसूक चढतो. गाणं चालू असताना कोणी काही विचारलं तर आधी हेडफोन उतरवा, मग उत्तर द्या. रात्री तर नक्कीच. गुणगुणणंही आवरा, आपल्याला ते ऐकू येत नाही, पण खोलीला येतं. आणि पूर्ण आवाज अडवणारे इअरफोन घालून घरात एकटे असाल तर धुराचा अलार्म, दारावरची थाप, गॅसवरचं भांडं यांतलं काहीच कळणार नाही. अशा वेळी एक कान मोकळा ठेवा.

कधी दोघांनाही तेच ऐकायचं असतं. एक सिनेमा, एक मैफल, आणि बाकीचं घर झोपलेलं. साधा वाय-जोड (एका जॅकचे दोन करणारी वायर) लावून दोन हेडफोन जोडले की दोघांना समान व्होल्टेज मिळतं, पण समान आवाज मिळत नाही. एचडी ६०० आणि ३२ ओहमचा, हे मघाचेच दोन हेडफोन असतील तर एकाचं गाणं दुसऱ्यापेक्षा १३ डेसिबलनं मोठं, म्हणजे कानाला दुपटीहून जास्त. एक कुजबुज ऐकत बसतो, दुसऱ्याचे कान भरून जातात. शिवाय दोघांचा विरोध मिळून कमी होतो, आणि डोंगलला जास्त प्रवाह पुरवावा लागतो. सामायिक घरात अ‍ॅम्प घ्यायला मला सगळ्यात पटणारं कारण हेच आहे: दोन हेडफोनची सोय असलेला, आणि दोघांसाठी व्हॉल्यूमची वेगवेगळी बटणं असलेला छोटा अ‍ॅम्प. तो घेताना ताकदीचा आकडा नंतर पाहा. बटणं खरोखर दोन आहेत ना, की दोन जॅक एकाच बटणावर चालतात, हे आधी बघून घ्या.